अठ्ठावन्नचं मखर

एका वर्षी आमच्या करी रोडच्या घरातला गणपती मखराबाहेर बसला आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

मखर दर वर्षी बाबा करायचे, पुठ्ठ्याचं. मुकुटावर दोन बोटं जागा मोकळी सोडायची, हा त्यांचा नियम. पण मी पडलो प्रोग्रामर! लालबागला मशीनवर प्लाय कापून देणारा गाठला. त्याला सेंटिमीटरचे पूर्ण आकडे हवे होते. मूर्ती मी कारखान्यात जाऊन मोजली होती; पाट धरून साडेसत्तावन्न भरत होती, म्हणून आतली उंची मी ०.५८ मीटर धरली आणि मीटरचे सेंटिमीटर करायला चक्क प्रोग्राम लिहिला. (शंभरने गुणायला प्रोग्राम कशाला, असं आईने विचारलं होतं. मी नुसता हसलो होतो.) प्रोग्रामने दिलेले आकडे न बघताच पाठवून दिले. मखर आलं, सांधे पक्के चिकटवले.

चतुर्थीला बाबा मूर्ती घेऊन दारात आले. ओवाळून झालं. आमच्याकडे एकदा उंबरा ओलांडला की मूर्ती थेट मखरातल्या पाटावरच ठेवायची, मध्ये कुठे टेकवायची नाही. बाबा मखराशी वाकले आणि मुकुट छताच्या कडेला अडला.

मी टेप लावली. सत्तावन्न! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटरला ०.५८ नेमकं साठवताच येत नाही. त्याच्या लेखी गुणाकार आला सत्तावन्न पॉइंट नऊ नऊ नऊ... आणि ‘पूर्णांक दे’ म्हटल्यावर त्या पठ्ठ्याने पॉइंटच्या पुढचं सगळं छाटून टाकलं. हे मी बाबांना समजावू लागलो.

मूर्ती अजून बाबांच्या हातातच होती. शाडूची मूर्ती, खाली लादी. “हात भरान इले,” ते हळूच म्हणाले. “बेगीन कर कायतरी.”

मी छत उचकटायला गेलो, तर अख्खं मखरच हललं. मूर्ती जरा तिरकी करू या का, असं सुचवलं, तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं. पूजेला आलेल्या गुरुजींना अजून तीन घरं होती. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “अहो, पाट बाहेर ओढा ना!”

ओढला. बाप्पा बसले. बाबांची बोटं बराच वेळ सरळ होत नव्हती. मला अक्षरशः रडू आलं.

दुपारी शेजारच्या कदमकाकू दर्शनाला आल्या. बाप्पा बाहेर, मागे लायटिंग केलेलं रिकामं मखर.

“आत काय ठेवलंय हो?” त्यांनी विचारलं.

“झिलाची हुशारी,” माझ्याकडे बोट दाखवत बाबा म्हणाले. “तितकीच मावता.”