सभ्य भाषांतर

धाकट्या बहिणीच्या नावानं कुणीतरी वेबसाइटवर टाकलेलं ते पान मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत. फोटो साधाच होता, तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातला, अंगावर मोरपंखी साडी. खाली माहेरचा फोन नंबर आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. काय ते मराठी, देवा. मी कोर्टाजवळ टेबल टाकून बसणारी भाषांतरकार. मारामाऱ्या, घटस्फोट, सगळं मराठीतून इंग्रजीत नेऊन ठेवते, पण असली भाषा माझ्या टेबलावर कधी आली नव्हती. ही बाई कुणालाही चालते, फोन करा, असा त्याचा गोषवारा. आणि शेवटी धमकी, की शाळा सुटली की उचलून नेतो, आणि नेऊन काय करणार ते दोन ओळींत सविस्तर.

फोन तर सुरूच झाले होते. सुरुवातीला तीही उचलायची आणि पांढरीफटक होऊन ठेवायची. मग आईनं वायरच काढून टाकली.

ती देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत पहिलीला शिकवायची. कुणीतरी ते पान छापून मुख्याध्यापिकेच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बाई म्हणाल्या, "तुझी चूक नाही गं, पण पालक विचारतात. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत ते पान निघालं तर ये. नाहीतर माझाही नाइलाज आहे." चूक नाही, पण शिक्षा आहे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मात्र त्या दिवसापासून उंबरा ओलांडला नाही. ही गोष्ट दिवाळीनंतरची.

कुणाचं काम ते आम्हाला ठाऊक होतं. बघायला येऊन गेलेलं एक स्थळ, आम्ही नकार कळवलेलं. पण तक्रार द्यायला चौकीत गेले तर फौजदार म्हणाले, "मॅडम, नुसत्या संशयावर हात लावता येत नाही. कुठल्या कॉम्प्युटरवरून टाकलं ते वेबसाइटवाल्यांनाच माहीत, आणि ते बसलेत परदेशात. पान काढणंही त्यांच्याच हातात." वेबसाइटला मी स्वतः चार मेल केले होते. एकाचंही उत्तर नव्हतं.

मग फौजदारांनीच रस्ता सांगितला. दोन देशांच्या सरकारांत करार असतो, तपासात एकमेकांना मदत करायची. आपला कागद नाशिकहून मुंबईला, तिथून दिल्लीला, दिल्लीहून त्यांच्या मंत्रालयात. मग तिकडचं कोर्ट वेबसाइटला हुकूम देणार. ऐकूनच मला धाप लागली. पण खरं सांगते, बरंही वाटलं. दोन सरकारं माझ्या बहिणीसाठी एकमेकांशी बोलणार म्हणजे काय कमी झालं?

त्याआधी त्या पानाचा पंचनामा. पंच कोण, तर चौकीसमोरचा चहावाला आणि झेरॉक्सवाला. दोघांनी पडद्याला नाक लावून मजकूर वाचला, पुन्हा वाचला आणि सह्या केल्या. मग प्रत्येक कार्यालयासाठी रंगीत प्रत, सोबत जोडलेली. पान पुसायचं म्हणून आम्ही त्याच्या इतक्या प्रती काढल्या, की त्या नालायकानंही काढल्या नसतील.

राहिलं भाषांतर. नात्यातल्या माणसानं असं काम घ्यायचं नसतं हे मला पक्कं माहीत होतं. पण आणखी एका परक्याच्या नजरेखाली तो मजकूर घालायचा? लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे कुणी विचारलं नाही. मी दार लावून बसले. एकेक शब्द वाचायचा, टाइप करायचा आणि खोडायचा. शेवटी आमच्या कोर्टात करतात तेच मी केलं. इथे 'अर्वाच्य शिवीगाळ केली' एवढं लिहिलं तरी न्यायाधीशांना काय ते समजतं, पुढचं कुणी वदवून घेत नाही. मीही तसंच लिहिलं. तिच्या चारित्र्याबद्दल अनुचित शब्द वापरले आहेत. शाळा सुटल्यावर तिला गाठण्याचा इरादा व्यक्त केला आहे. झालं. वर माझा शिक्का.

उत्तर मे महिन्यात आलं, दिल्लीमार्गे. भाषा अतिशय सौजन्याची. मजकूर अप्रिय असला तरी भाषांतर पाहता त्यात बळजबरीची धमकी दिसत नाही. एखाद्या व्यक्तीविषयी वाईट मत मांडणं त्यांच्या कायद्यानं गुन्हा नाही, उलट तो माणसाचा हक्क आहे. सबब वेबसाइटला हुकूम देता येत नाही. अधिक तपशील असल्यास पुन्हा विनंती करावी. मी ते चौकीतच उभ्यानं वाचलं आणि बाकावर बसले. त्यांचं काय चुकलं? त्यांनी माझंच इंग्रजी वाचलं होतं.

माहेरी जाऊन तिला सगळं सांगितलं. तिनं फाइल मागितली. माझं भाषांतर तिनं तोवर पाहिलंच नव्हतं. सावकाश वाचलं आणि म्हणाली, "ताई, हे वाचून तर मलाच वाटतं, की मला काही झालंच नाही."

"अगं, तुझी अब्रू..."

"माझी? ती गावानं वाचली. तू तुझी वाचवलीस."

ती खुर्ची ओढून घरातल्या कॉम्प्युटरशी बसली. "मी सांगते. तू टाइप कर." आणि पहिलीच्या पोरांना शुद्धलेखन घालावं तसा एकेक शब्द सुटा करून ती सांगत गेली. मी रडत होते, ती नव्हती. दोन ठिकाणी मी अडले, त्या शब्दांचा अर्थच मला माहीत नव्हता. तिला होता. फोनवर लोकांनी तो तिला समजावून सांगितला होता.

ते भाषांतर दुसऱ्या दिवशी चौकीत दिलं. फौजदारांनी वाचलं, मान खालीच ठेवून शिक्का मारला आणि पुन्हा तोच रस्ता, मुंबई, दिल्ली, परदेश. आमचा कागद मुंबईत असतानाच शाळा उघडली आणि पहिलीच्या वर्गावर दुसऱ्या बाई रुजू झाल्या.