माझं तोंड उघडणारी कुसुमआत्या

ज्या बाईनं मला वर्षभर, रोज चार वेळा रडवलं, ती आज सकाळी गेली.

कुसुमआत्या. माझ्या बाबांची धाकटी बहीण. अर्धापूरची.
चहा पिता पिता, बसल्या जागी.

मी लातूरला क्लासमध्ये बॅच शिकवत होते. फोन आला, माईक टेबलावर ठेवला आणि निघाले.
सगळं उरकलंय. आता तिच्याच दारात बसून लिहितेय.

त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीजवळचं आमचं घर पडलं. मी सहा वर्षांची.
आई गेली. धाकटा भाऊ गेला.
मला दगडांतून काढलं तेव्हा हनुवटी फाटली होती. कॅम्पात टाके घातले. बाकी पोरगी ठणठणीत आहे, म्हणाले सगळे.

बाबा तिकडं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. आत्या मला अर्धापूरला घेऊन आली. तिची सुनीता माझ्याच वयाची.

वर्षभरात माझं तोंड मिटत गेलं.

आधी भाकरीचा घास जाईना. मग चमचा जाईना.
शेवटी दातांच्या फटीतून वरण आणि कुस्करलेलं केळं आत ओढायचे. बोलायचे तेही दातावर दात ठेवूनच.

डॉक्टर म्हणायचे, "भूकंपाचा धक्का आहे. भीती गेली की उघडेल."
एकानं धनुर्वाताची इंजेक्शनं दिली. एकानं टॉनिक.

आत्या अंगणवाडीत मदतनीस. शाळा चौथीपर्यंत. ती त्या टॉनिकवाल्या डॉक्टरला म्हणाली,
"साहेब, ही गाढ झोपली तरीबी हिचा जबडा हालत न्हाई. झोपेत कुणाला भ्या वाटतंय का?"

तो हसला.
ती नाही हसली.

तीन वर्षं ती मला घेऊन फिरली. मग कुणीतरी नांदेडच्या एका सर्जनचं नाव सांगितलं. फक्त तोंड, जबडा, मान यांचीच ऑपरेशनं करायचे ते.

त्यांनी आधी औषध लिहिलं नाही. माझ्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली आणि म्हणाले, "बेटा, जबडा हलव."
मग हनुवटीवरचा व्रण बघितला. एक्स-रे काढायला लावला.

"मार हनुवटीला लागला, पण मोडलं इथं, कानापुढं. जबड्याचा सांधा. तेव्हा कुणी बघितलं नाही. आता तो कवटीला चिकटलाय, दोन्हीचं मिळून एकच हाड झालंय."

आत्या एवढंच म्हणाली, "मंजे हिला भ्या वाटत नव्हतं."
"नाही ताई. हिला तोंड उघडताच येत नव्हतं."

ऑपरेशन करावं लागणार होतं. पण तोंड बंद, त्यामुळं भूल देणंच अवघड. श्वासाची नळी नाकातून, जागेपणी घालायची. नाहीच गेली तर गळ्याला छेद.

ते ऐकून बाबा व्हरांड्यात येऊन बसले. "कुसुम, एक लेकरू मातीत घातलं म्या. हिला न्हाई देणार."

आत्या त्यांच्यासमोर खाली बसली.
"दादा, उद्या हिला उलटी झाली तर ती बाहेर कुठून पडंल? माझ्या डोळ्यादेखत गुदमरंल ही."

बाबा उठले.
मग सही करायला पेन मागितला.

नळी गेली. डॉक्टरांनी ते चिकटलेलं हाड कापलं. मी शुद्धीवर आले तेव्हा डोक्याभोवती बँडेज होतं, आणि दातांमध्ये जागा होती.

"माझं काम झालं," डॉक्टर आत्याला म्हणाले. "आता तुमचं. व्यायाम सोडला तर हाड परत जुळणार."

व्यायाम म्हणजे रोज चार वेळा दाढांमध्ये लाकडाच्या चपट्या काड्या. एकावर एक. बसतील तेवढ्या, आणि वर अजून एक.
कळ थेट कानात जायची.

शेजारणी म्हणायच्या, "काहून छळून राहिली बिनआईच्या लेकराला?"
आत्या दार लावून घ्यायची.

एकदा मी तिचं बोट कडकडून चावले. रक्त आलं.
आणि ओरडले, "तू माझी आई असतीस तर असं केलं नसतंस!"

तिनं बोटाला पदर गुंडाळला.
"आई असते तर मलाबी जमलं नसतं," म्हणाली. "आ कर."

वर्षानं डॉक्टरांनी माझीच तीन बोटं, उभी, माझ्या तोंडात घालायला लावली.
गेली.

डॉक्टर जागेवरून उठले आणि त्यांनी आत्याला हात जोडले.
"आवो साहेब, काय करून राहिले!" म्हणत ती खुर्चीच्या मागं सरकली.

खालचा जबडा नीट वाढलाच नाही, हनुवटी माझी अजून आत आहे. फोटोत कळतं.
पण गेली कितीतरी वर्षं मी लातूरला बायोलॉजी शिकवते. दोन-दोनशे पोरं, तीन-तीन बॅचेस. घसा बसेपर्यंत बोलते.

आत्या एकदाच लेक्चरला आली. शेवटच्या बाकावर बसली.
नंतर म्हणाली, "समजलं काहीच न्हाई. पण लई फाडफाड बोलतीस."

मी तिला थँक्यू कधी म्हटलं नाही. ती चिडली असती.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर सुनीता माझ्याजवळ येऊन बसली.
"तुला एक सांगू? तुझं ऑपरेशन झालं त्या साली, मीबी एक दिवस तोंड मिटून बसले होते. जेवले न्हाई, बोलले न्हाई. वाटलं, आई माझ्याजवळबी बसंल."

"मग?"

"तिनं माझा जबडा चाचपला. म्हणाली, सुने, तुझं उघडतंय गं. तरी ये. एका मांडीवर तू होतीस. दुसरीवर मला घेतलं."

मला हे आठवत नाही. त्या वर्षी मला माझ्या दुखण्यापलीकडं कुणी दिसलंच नव्हतं.
सुनीताच्या वाट्याची आई मी वापरली, आणि तिनं ते आजपर्यंत बोलून दाखवलं नाही.

ती अजून इथंच आहे, माझ्या शेजारी पायरीवर. मी काय लिहितेय ते वाचतेय.

कुसुमआत्या, तुला तुझ्या दोन्ही लेकींचा शेवटचा नमस्कार.