दोन आज्यांमधली पोर

धुळ्यात माझ्या वरच्या मजल्यावर कोरियाचं कुटुंब राहायला आलं, तेव्हा कॉलनीतल्या बायका मला आधी एकेकट्या आणि मग सगळ्या मिळून बजावून गेल्या. मिशनची माणसं आहेत, गोड बोलून बाटवतील. मी म्हटलं, या वयात मला बाटवून त्यांच्या हाती काय लागणार? नवरा गेल्यापासून वरचा मजला बंद होता, आणि डोक्यावर कुणी चालत नाही हे मला खायला उठायचं.

माणसं तीनच. नवरा मिशनच्या डोळ्यांच्या दवाखान्यात होता, बरेचदा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत असायचा. बायको घरी, आणि एक तीन वर्षांची मुलगी. पहिला उन्हाळा त्यांना फार जड गेला. बाई डोक्यावर ओला टॉवेल टाकून भाजी चिरायची. नळाला पाणी कधी येईल याचा आमच्याकडे नेम नाही, म्हणून पाणी आलं की मी जिन्यात उभी राहून थाळी वाजवायची आणि ती मिळेल ते भांडं घेऊन धावायची. श्रावणात घरी कानबाई बसली, त्या सणाच्या वेळी मला धाकधूक होती की हिला प्रसाद द्यावा कसा आणि तिनं नाही म्हटलं तर काय. पण कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, भाऊबंदांखेरीज कुणाला द्यायचेच नसतात. तिचाही प्रश्न सुटला, माझाही. ती आरतीला आली नाही, मात्र आदल्या दिवशी माझ्याबरोबर बसून गहू निवडले.

दोघं नवरा-बायको क्लास लावून मराठी शिकले होते, आणि इतकं शुद्ध बोलायचे की भाजीवाला बिचकायचा. "कृपया पावशेर वांगी द्याल का?" असं कुणी विचारलं तर माणसानं काय करावं! पोर मात्र माझ्या ओट्यावर वाढली. माझं माहेर सोनगीरकडचं, घरात माझ्या तोंडी अहिराणीच. दोन वर्षांत ती दारात उभी राहून हक्कानं सांगू लागली, "अक्का, माले भूक लागनी. भाकर दे ना."

मला काय आनंद व्हायचा! माझा लेक मेलबर्नला. नातू रविवारी फोनवर "हाय आजी" म्हणतो आणि पळतो. त्याला मी बोलते ते कळत नाही, मला तो बोलतो ते कळत नाही. वरच्या पोरीनं ती जागा भरून काढली होती, आणि ते सुख मी दोन्ही हातांनी ओरपत होते.

एके दिवशी दुपारी तिची आई खाली आली. डोळे सुजलेले.

"अक्का, तुम्हाला राग येणार नसेल तर एक विनंती करू का? मुलीला काही दिवस खाली कमी पाठवते."

मला राग आलाच. "मी काय तिला बांधून ठेवते का?"

"नाही, अक्का. चूक आमची आहे. इथे येताना आम्ही ठरवलं होतं, घरातही मराठीच बोलायचं. लोकांमध्ये राहायचं तर लोकांसारखं राहायचं." मग तिनं सकाळची हकीकत सांगितली. तिच्या आईचं तिकडे कोरियात गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिकडच्या दवाखान्यातून व्हिडिओवर फोन आला, म्हातारीनं नातीला काही विचारलं. पोरीनं आईकडे वळून म्हटलं, "माय, हाई काय बोली राहिनी?" आणि तिकडून म्हातारीनंही लेकीला तेच विचारलं, ही काय बोलते आहे?

"आई म्हणाली, माझी नात तू कुणाला देऊन टाकलीस?" एवढं सांगून बाई रडायला लागली.

ती वर गेल्यावरही मी धुसफुसत होते. म्हटलं, तुमच्या मिशनचं खूळ आणि शिक्षा मला. पण भांडी घासता घासता हात थांबले. फोनसमोर बसलेली ती तिकडची म्हातारी माझ्या अगदी ओळखीची होती. दर रविवारी मी तशीच बसत होते.

दुसऱ्या दिवशी मीच वर गेले. म्हटलं, "लाव तुझ्या आईला फोन." पोरीला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "तुन्या आजीले इचार, गुडघा दुखतस का?"

पोरीनं आईला विचारलं, गुडघ्याला काय म्हणतात. आईनं सांगितलं, पोरीनं ते फोनमध्ये म्हटलं. म्हातारी आधी चकित झाली, मग हसत सुटली.

"अक्का, ती सांगस, दोन्ही दुखतस."

मग रोजचंच झालं. मी ठेचा दाखवायची, म्हातारी कोबीचं लालभडक लोणचं दाखवायची, आणि पोर मध्ये बसून दोघींचं इकडून तिकडे पोचवायची. आईवडीलही घरात आपली भाषा बोलू लागले. काही महिन्यांनी पोर माझं सांगायचं सोडून स्वतःचंच सांगायला लागली, भराभरा, हातवारे करत. मला त्यातलं अक्षर कळेना. बरंही वाटलं आणि परकंही. उठून खाली आले.

त्या रविवारी लेकाचा फोन आला. नातू "हाय आजी" म्हणून पळाला. एरवी मी हवापाणी विचारते. त्या दिवशी मात्र सरळ म्हटलं, "त्याच्याशी घरात आपली बोली बोलत जा."

लेकानं सुस्कारा सोडला. "माय, आठे मेलबर्नमा तो कोनासंगे बोली?"

"मनासंगे, तेनी आजीसंगे," मी म्हटलं.

त्यानं मान वळवून पोराला परत हाक मारली.