बांधावरून काढलेला फोटो

उमादेवींनी आजवर पुष्कळ गोष्टी वठणीवर आणल्या होत्या. लाथ मारणारी म्हैस, पावसाळ्यात गळणारं माळवद, ऐन लग्नात रुसून बसलेले व्याही. फोटोतली माणसं मात्र काही केल्या वठणीवर येत नव्हती.

चिकटवहीचा नाद त्यांना पुण्यात लागला. दिवाळीनंतर लेकीकडे, राजेश्वरीकडे, राहायला गेल्या होत्या. तिच्या शेजारणीनं घरच्या फोटोंची सुरेख वही केली होती. जाड काळी पानं, फोटोच्या कडेला वाळलेली फुलं, लग्नपत्रिकेचा एखादा तुकडा आणि खाली पांढऱ्या शाईत चार ओळी. उमादेवी तशीच एक कोरी वही घेऊन जळकोटला परतल्या. मोबाइलमधले फोटो नळदुर्गच्या दुकानातून कागदावर उतरवून आणले, सतरंजीवर मांडले आणि कपाळाला हात लावून बसल्या.

एक फोटो धड असेल तर शपथ. निम्म्या फोटोंत पाहुणे शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे रांगेत. दुपारी काढलेल्या फोटोंत सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. बारशाच्या फोटोत पाळणा झकास आला होता, बाळ तेवढं उमादेवींच्या अंगठ्यामागं गेलं होतं. आणि जिथं जिथं त्यांचे यजमान होते, तिथं तिथं ते हात जोडून होते.

शिवपुत्र पूर्वी एकदा ग्रामपंचायतीला उभे राहिले होते. फ्लेक्ससाठी त्यांचा हात जोडलेला फोटो काढला, चौकात लागला, निवडणूक झाली आणि ते पडले. फ्लेक्सचं कापड पुढं गोठ्यावर गेलं, सवय मात्र अंगात राहिली. समोर मोबाइल वर झाला की त्यांचे हात आपोआप जुळत. बैलाशेजारी हात जोडून, नातीच्या केकसमोर हात जोडून. एका थंडीत शाल पांघरून बसले होते, तर शालीच्या आतून.

"अहो, हात खाली घ्या."

"घेतले की."

"कुठं घेतले? वरच हायती."

"हात न्हाय तर काय पाय जोडू? तोंड दिसायलंय न्हवं? मग काढ की."

त्या निवडणुकीनं आणखी एक गोष्ट मागं ठेवली होती. धाकट्या भावानं, शिवलिंगनं, आपल्याला मत दिलं नाही अशी शिवपुत्रांची पक्की समजूत होती. शिवलिंगचं म्हणणं, मत दिलं होतं, आणि आण्णानं मुळात विचारलंच कसं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. घरं वेगळी झाली. रान एकाच बांधाच्या दोन अंगांना, पण बांधावर भेट झाली तर दोघंही आभाळ बघत. त्यांची आई लक्ष्मम्मा एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे राही आणि इकडचं तिकडं एक अक्षर सांगत नसे.

सतरंजीवरचे फोटो लक्ष्मम्मांनी एकेक करून नाकाजवळ धरून पाहिले. सगळे पाहून झाल्यावर एकच बाजूला काढला. त्यात शिवपुत्र हात जोडून होते आणि कागदाच्या कडेला कुणाचं तरी कोपर आलं होतं.

"ह्यो धाकट्याचा हात हाय," त्या म्हणाल्या. "बाकीचा कुठं गेला?"

"तेवढाच आलाय, अव्वा."

"मग ही वही कुणाची? थोरल्याची एकल्याची?" लक्ष्मम्मांनी फोटो खाली ठेवला. "माझी दोन्ही लेकरं एका पानावर दाव. मला दिसतंय तवर दाव. न्हायतर त्या पानांत पापड सुकवीत घाल."

हे बोलणं उमादेवींना लागलं. आणि खरं तर पटलंही. वही करायची ती घराची, अर्ध्या घराची काय करायची?

म्हणून त्यांनी फोटो काढायला रीतसर शिकायचं ठरवलं. राजेश्वरी रोज संध्याकाळी फोनवरून शिकवी. ऊन तुझ्या पाठीवर पाहिजे, आई, आणि माणसाच्या तोंडावर. बसलेल्या माणसाचा फोटो उभं राहून काढू नको, तू पण खाली बस. लांबून काढू नको, जवळ जा. आणि "हसा" म्हणू नको, हसा म्हटलं की माणूस दातदुखीचा वाटतो. बोलण्यात गुंतव आणि मग काढ.

"तुझ्या बापाला कशात गुंतवू? मोबाइल बगितला की हात जोडायलेत."

"मग हातात काहीतरी दे."

"काय देऊ? पाळण्यातलं लेकरू हाय व्हय?"

रोज असा कातावून फोन ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकायचं. गोठा, अंगण, तुळस, शेजारची शेळी, सगळ्यांचे फोटो चांगले येऊ लागले. शेळी तर फार सुंदर आली. शेळी हात जोडत नाही.

दोघे भाऊ एका ठिकाणी दिसतील असा वर्षातला एकच दिवस होता, येळवस. त्या अमावस्येला झाडून सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोपी उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, भाकरी, खीर आणि मडक्यातली आंबील. वाटेनं जाणाऱ्याला हात जोडून जेवायला बोलवायचं, आणि बोलावलेल्यानं नाही म्हणायचं नाही. शिवपुत्रांची कोपी बांधाच्या मावळतीला, शिवलिंगची उगवतीला. उमादेवींचा हिशेब साधा होता. लांबून का होईना, दोन्ही कोप्या एका फोटोत घ्यायच्या.

हिशेब पहिल्या फटक्यात फसला. दोन्ही कोप्या येईपर्यंत त्या मागं मागं गेल्या, तेव्हा मोबाइलमध्ये शिवपुत्र हरभऱ्याएवढे आणि शिवलिंग मोहरीएवढा दिसू लागला. अव्वाला हे नाकाजवळ धरूनही दिसलं नसतं.

"निदान एकाचा तरी धड काढते," असं पुटपुटत त्या बांधावर आल्या. सकाळचं ऊन पाठीवर घेतलं. शिवपुत्र कोपीच्या तोंडाशी मडकं टेकवत होते, म्हणून त्याही शिकवल्याप्रमाणे तुरीच्या आडोशाला उकिडव्या बसल्या. गुडघे कुरकुरले. हसा म्हणाल्या नाहीत.

"अहो, आंबील आंबलीया का बरी?"

शिवपुत्रांनी एक घोट घेतला. आंबील फक्कड जमली होती. ते उठून उभे राहिले, उन्हात डोळे किलकिले करून मनापासून हसले आणि समोर मोबाइल आहे म्हटल्यावर त्यांचे हात जुळले.

उमादेवींनी बटण दाबलं आणि मनातल्या मनात चार शब्द बोलल्या.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागं पावलं वाजली आणि थांबली. शिवलिंग आपल्या बाजूनं डोक्यावर मडकं घेऊन येत होता. तुरीमागं उकिडवी बसलेली वैनी त्याला दिसलीच नाही. त्याला दिसला तो थोरला भाऊ. येळवसेच्या दिवशी, आपल्या कोपीपुढं उभा, थेट त्याच्याकडं तोंड करून, हसून, हात जोडून.

शिवलिंगनं मडकं खाली ठेवलं. धोतराला हात पुसले, तेही जोडले आणि तो बांध चढला. चढताना वैनीवर अडखळलाच.

"काय वैनी, हितं काय हुडकायलाव?"

"कानातला मोती पडला," उमादेवी म्हणाल्या. दोन्ही मोती कानात होते.

"आण्णानं बोलिवलं बगा. येळवसेचं बोलावणं, आन मी न्हाय म्हणू व्हय?"

उमादेवींनी मोबाइल पदराखाली सरकवला. तिकडं ऊन डोळ्यांवर आलेल्या शिवपुत्रांना भाऊ दिसला तो हात जोडून आपल्या कोपीकडं येताना. त्यांनी एकदा कोपीत बसलेल्या आईकडं पाहिलं. लक्ष्मम्मा भाकरी मोडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"ये," शिवपुत्र म्हणाले. "बस."

दोघं बसले. पाऊस, हरभऱ्यावरची अळी, मोटारीचा जळलेला स्टार्टर असं एकेक निघत गेलं. मताचा विषय कुणी काढला नाही.

उमादेवी पळतच कोपीपाशी आल्या. आई मध्ये, दोन्हीकडं दोन लेक. हेच ते पान. त्यांनी मोबाइल वर केला. शिवपुत्रांचे हात जुळले. शिवलिंगनं सदऱ्याचं वरचं बटण लावलं, छाती भरून घेतली आणि आधारकार्डावरचा चेहरा केला.

"खाली घ्या म्हणते ते हात."

"घेतले की."

राजेश्वरीचं बोलणं तेव्हा आठवलं. उमादेवींनी दोघांच्या डाव्या हातावर भज्जी घातलेली भाकरी ठेवली आणि उजव्या हातात काठोकाठ आंबिलीचा पेला दिला.

"आगं, आता खाऊ कसं? तिसरा हात हाय का मला?"

"वैनी, सांडायलंय हे."

"सांडू द्या. हलू नका. हला, पण हात जोडू नका."

दोघा भावांनी एकमेकांच्या भरल्या हातांकडं पाहिलं आणि एकदम हसले. बटण दाबलं गेलं. दुसरा फोटो घ्यायच्या आत शिवपुत्रांनी पेला खाली ठेवून हात मोकळे केले होते.

नळदुर्गहून फोटो कागदावर आला तेव्हा उमादेवींनी सुस्कारा टाकला. कोपीतला अंधार, शिवलिंगचा अर्धा कान बाहेर, खालच्या कोपऱ्यात पुन्हा त्यांचाच अंगठा. पण दोघं होते.

संध्याकाळी लक्ष्मम्मांनी पान नाकाजवळ धरलं. शिवलिंगही आला होता, आता अधूनमधून येत असे.

"माझं तोंड उघडं हाय," लक्ष्मम्मा म्हणाल्या.

"तू खायलीस, अव्वा," शिवलिंग म्हणाला.

"खाऊ दे. दोगं हायती." त्यांनी वही लवकर खाली ठेवली नाही.

"आन त्यो बांधावरून काढलेला माझा कुठाय?" शिवपुत्रांनी विचारलं. "त्यात म्या बरा आलो आसन. आंबील पिऊन उभा हुतो बग."

शिवलिंगनं मान वर केली. "कवाचा? मला बोलिवलं तवाचा?"

"हलला त्यो," उमादेवी म्हणाल्या.

तो हलला नव्हता. इतका चांगला फोटो त्यांनी जन्मात काढला नव्हता. ऊन जागच्या जागी, हसू खरं, मिशीचा केस न् केस वेगळा. राजेश्वरीनं तर पाहिल्या पाहिल्या कळवलं होतं, आई, हा पहिल्या पानावर लाव. पण त्या फोटोत शिवपुत्रांची नजर सरळ मोबाइलच्या भिंगात होती, खाली, तुरीच्या बुंध्याशी. बांधापलीकडं उभ्या असलेल्या माणसाकडं ती नव्हती, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. सकाळीच उमादेवींनी तो पुसून टाकला होता, आणि पुसताना स्वतःवर, नवऱ्यावर आणि त्या पुण्याच्या शेजारणीवर यथेच्छ चिडून घेतलं होतं.

"एवढं महिनाभर शिकलीस," शिवपुत्र म्हणाले, "आन माझाच तेवढा हलला."

"हलला म्हणलं न्हवं एकदा," उमादेवी म्हणाल्या, आणि वही ओढून घेऊन फोटोचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबत बसल्या.