भिंगरीचं वाढतं वय

मिस्त्री रोज संध्याकाळी धक्क्यावर जातात, एवढंच त्यांच्या बायकोला, शिवणकाकूंना, ठाऊक होतं. तिथे जाऊन ते करतात काय, हे त्यांनी उभ्या जन्मात कधी विचारलं नाही आणि मिस्त्रींनीही कधी सांगितलं नाही. बर्फाच्या कारखान्यातली पाळी संपली की ते घरी येत, हात साबणाने घासघासून धूत, चहा घेत आणि चपला सरकवून बाहेर पडत. परतले की जेवताना "मीठ दे" आणि "पंखा लाव", इतकाच काय तो संवाद. त्यांच्या घरात शिवणयंत्र तेवढं बोलतं, असं शेजारीपाजारी म्हणत, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. खिडकीपाशी मांडलेल्या त्या यंत्रावर काकू दिवसभर पडदे आणि शाळेचे गणवेश शिवत. तोंडात टाचण्या धरलेल्या असल्या म्हणजे बोलायचा प्रश्नच येत नसे.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी या दोन खोल्यांत एक मुलगी होती. जागच्या जागी गोल गोल फिरायची, चक्कर येऊन पडायची आणि उठून पुन्हा फिरायची, म्हणून तिला भिंगरी म्हणत. पाटीवर रेघोट्या ओढायच्या वयातच ती तापाने फणफणली. दवाखाना खाडीपलीकडे. दोघं तिला होडीतून घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. त्यानंतर तिचं नाव घरात कुणी काढलं नाही. काकूंनी नाही, म्हणून मिस्त्रींनी नाही. मिस्त्रींनी नाही, म्हणून काकूंनी नाही. बघता बघता दोघांचे केस पिकले.

आणि एका दुपारी मिस्त्री खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. कपडे आवरताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात काकूंना कॅरमचा स्ट्रायकर सापडला. घरात कॅरम नव्हता. परक्याची वस्तू ठेवून कशाला घ्यायची, असं म्हणून उन्हं कलल्यावर त्या धक्क्याकडे निघाल्या.

धक्क्याच्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली, उपड्या पिंपावर कॅरम मांडलेला होता. पलीकडे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. भरतीचं पाणी वरच्या पायरीला लागलं होतं आणि अर्धं गाव त्यात डुंबत होतं. कुणी गळ टाकून बसलं होतं, कुणी नुसतंच पाय सोडून. पाण्यातून एक ठसठशीत बाई केस पिळत वर आली. ही बेकरीवाली. कॅरमपाशी खाडीपलीकडच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर बसले होते आणि खाली म्हातारा होडीवाला आपली होडी बांधत होता. काकूंनी स्ट्रायकर पुढे केला मात्र, सगळे उठून उभे राहिले.

"वहिनी ना तुम्ही?" बेकरीवाली म्हणाली. "या, बसा. आम्ही घरी येऊन गेलो, पण तुम्हाला शुद्ध कुठली होती. भिंगरीला कळवलंत ना? ती दिसली नाही."

ते नाव काकूंनी इतक्या वर्षांत स्वतःच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. आणि ही ओल्या केसांची बाई ते असं घेत होती, जशी कालच भेट झाली असावी. त्यांनी होडीवाल्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून दोरीला गाठ मारत होता.

"तिला रजा नाही मिळाली," काकू म्हणाल्या.

हे शब्द आपल्या तोंडून कुणी वदवले, ते त्यांना घरी पोचल्यावरही उमगलं नाही. दाराची कडी लावून त्या यंत्रासमोर बसून राहिल्या. आपली मुलगी कुठेतरी कामाला आहे आणि तिला रजा मिळत नाही, हे त्या मनाशी पुन्हा पुन्हा घोळवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशीही गेल्या. आधी कानोसा घेत, मग हळूच खडा टाकून बघत. "मिस्त्री तिच्याविषयी फार बोलायचे का हो?" एवढं म्हणायचा अवकाश, की बेकरीवालीच्या तोंडाचा पट्टा सुरू. भिंगरी सायकलच्या आधी पोहायला शिकली. गणितात नापास झाली तेव्हा माळ्यावर लपून बसली. मिस्त्रींना तिने लग्नाबिग्नाचं बोलायचं नाही म्हणून बजावलं आणि ती दूरच्या मोठ्या बंदरात निघून गेली. आता तिथे क्रेन चालवते. बाई माणूस क्रेन चालवते म्हटल्यावर लोक तोंडात बोटं घालतात!

"तुम्ही आठवडाभर रुसला होतात म्हणे, ती गेली तेव्हा," मास्तर म्हणाले.

"रुसणार नाही तर काय करणार?" काकू म्हणाल्या. आणि खरोखरच त्यांना त्या मुलीचा राग आला.

मिस्त्री इथे बोलत, एवढंच नव्हे, तर नकला करत, लोकांना पोट धरधरून हसवत. काकूंना हा नवरा ठाऊकच नव्हता. त्या त्याच्या जागेवर बसू लागल्या. बेकरीवालीने त्यांना सोंगटी मारायला शिकवलं, त्यांचा नेम बघून मास्तरांनी कपाळाला हात लावला. गळाला मासा लागला की सगळ्यांसारख्या त्याही उठून बघू लागल्या. एका भरतीला त्या साडी वर खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या, लाट आली तेव्हा खुदकन हसल्या आणि आपल्याच हसण्याने दचकल्या.

घरात मात्र भलतंच सुरू झालं होतं. एकदा गणवेशाचं कापड कापताना त्यांच्या ध्यानात आलं, की कात्री वेगळीच चालली आहे. मोठ्या बाईचा कुर्ता कापला जात होता. तसलं गिऱ्हाईक कुणी नव्हतं. संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की मिस्त्री लेकीची उंची किती सांगायचे. तुमच्याहून वीतभर जास्त, असं कळलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी कुर्ता उसवून वाढवला, शिवून पुरा केला आणि खुंटीला अडकवला. खिडकीतून वारा आला की त्याच्या बाह्या हलत. काकू त्याला वळसा घालून जाऊ लागल्या, माणसाला घालावा तसा. दुपारी डोळा लागला की दारात ओल्या पायांची चाहूल यायची. एकदा तर त्या यंत्रावरून मान न उचलता म्हणाल्या, "आधी डोकं पूस, सर्दी होईल." मग यंत्र थांबलं. खोलीत कुणी नव्हतं. बराच वेळ त्यांचा हात चाकावरून उचलेना.

तरी त्या धक्क्यावर जातच राहिल्या. लेक तिथे होती ना.

मग होड्यांच्या शर्यतीचे दिवस जवळ आले. गावातल्या बायकांचीही एक होडी असे, आणि त्या वर्षी बेकरीवाली तिची म्होरकी होती. तिने एक दिवस काकूंच्या शेजारी बसकण मारली. यंदा शर्यतीला भिंगरीला आणतोच, असं मिस्त्रींनी वचन दिलं होतं. तिची जागा राखून ठेवली आहे. तर ती नेमकी येतेय कधी?

काकू सोंगट्या मधोमध लावू लागल्या. तेवढ्यात होडीवाला पायऱ्यांवरून म्हणाला, "वहिनी, चला. एक फेरी मारून आणतो तुम्हाला."

खाडीच्या मध्यावर त्याने वल्ही आत घेतली. होडी आपोआप हलत राहिली. धक्क्यावरची माणसं इथून बाहुल्यांएवढी दिसत होती.

"तेव्हा मीच नेलं होतं तुम्हाला पलीकडे," तो म्हणाला. "आणलंही मीच."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशीचा होडीवाला त्यांना आठवत नव्हता. त्या दिवशीचं त्यांना फक्त पाणी आठवत होतं.

त्याने मग सावकाश सांगितलं. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मिस्त्री त्याच्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, भिंगरी आज शाळेत जायला लागली. माणूस कामातून गेला, असंच त्याला वाटलं. पण कारखान्यात मिस्त्रींचं सगळं ठाकठीक चाललं होतं. मग त्याने टोकलं नाही. वर्षामागून वर्षं गेली, नवीन माणसं आली, त्यांना मुलगी खरीच वाटली. पोर दरवर्षी वाढायची आणि त्यालाही बरं वाटायचं, कारण होडीत चढताना तिने त्याचं बोट धरलं होतं.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?" काकूंनी विचारलं. "मी काय परकी होते?"

होडीवाल्याने पुन्हा वल्ही हातात घेतली. "मी एकदा म्हणालो होतो त्याला, हे घरी सांग म्हणून. तर म्हणाला, घरी ती गेलेली आहे रे."

काकू रडल्या नाहीत. काठ येईपर्यंत त्यांनी होडीची कड घट्ट धरून ठेवली. मग पायऱ्या चढल्या आणि छपराखाली उभं राहून, काही लपवून न ठेवता, त्यांनी बेकरीवालीला आणि मास्तरांना सांगून टाकलं, की भिंगरी लहानपणीच गेली. क्रेन नाही, बंदर नाही, काही नाही.

"ती गणितात नापास झाली तेव्हा मी दोन तास मिस्त्रींची समजूत घातली होती हो," एवढंच मास्तर म्हणाले. बेकरीवाली तशीच उठून निघून गेली. तिला राग आला होता, आणि तो गेलेल्या माणसावर काढता येत नव्हता. काही दिवस ती धक्क्यावर फिरकली नाही. काकूही घरीच राहिल्या. चाहूल आता येत नव्हती. कुर्ता वाऱ्याने हलला तरी तो नुसता कुर्ताच होता, आणि हे जास्त भयाण होतं. लेक दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी काकूंनी स्वतः तिला घालवलं होतं.

एका दुपारी दार वाजलं. बेकरीवाली उभी होती, हातात गरम पाव, पिठाने माखलेली बाही. आत येऊन ती जमिनीवर फतकल मारून बसली.

"खरी कशी होती, ते सांगा," ती म्हणाली.

काकूंना आधी काही आठवेना. मग एक आठवलं, त्याला धरून दुसरं आलं. केस विंचरू द्यायची नाही. कपबशीतल्या बशीचंच तिला वेड, कप नको. आणि पाण्याला इतकी भ्यायची, की लाटेचा नुसता आवाज आला तरी बापाच्या मानेला माकडासारखी लटकायची.

"पाण्याला?" बेकरीवाली म्हणाली. "अहो, मिस्त्रींच्या भिंगरीने तर पोहत खाडी पार केली होती."

आधी बेकरीवाली हसली, आणि मग काकूही हसता हसता रडू लागल्या. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते उन्हं उतरेपर्यंत संपलं नाही. राहिलेलं त्यांनी धक्क्यावर जाऊन सांगितलं. मास्तरांनी खोदून खोदून विचारलं. होडीवाल्याने बोट धरल्याचं सांगितलं.

आता काकूंकडे दोन भिंगऱ्या आहेत. एक पाण्याला भिणारी, एक क्रेन चालवणारी. कुठली जास्त आठवते, ते त्यांना सांगता येत नाही. चाहूल पुन्हा येऊ लागली आहे. आता त्या दचकत नाहीत, पण मान वर करून बघतही नाहीत.

शर्यतीच्या दिवशी धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. काकू अगदी कडेला उभ्या राहून बायकांच्या होडीसाठी घसा फोडून ओरडत होत्या. इतकी मुखदुर्बळ बाई, आणि हा आवाज हिचा, म्हणून लोक वळून बघत होते. त्या गदारोळात मागून कुणीतरी हाक मारली, "आई!"

काकू वळल्या. तिशी-पस्तिशीची एक उंच मुलगी निथळत्या केसांनी उभी होती आणि पलीकडच्या कुणा बाईकडे टॉवेल मागत होती. काकू तिच्याकडे गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. तोवर होड्यांनी वळण घेतलं, आणि त्या पुन्हा पाण्याकडे तोंड करून ओरडू लागल्या.