परकं झाड

कौतिक भारंबे यांच्या गच्चीवर तेरा निवडुंग आहेत. खांबासारखे सरळ, सहा-सात धारांचे, काही माणसाच्या दुप्पट उंच. फैजपूरच्या आमच्या गल्लीतून वर पाहिलं तर वाटतं, कुणीतरी वरच्या मजल्यासाठी कॉलम काढून ठेवले आणि मजला बांधायचा राहून गेला.

उन्हाळा तापला की या खांबांना धारेवर कळ्या येतात. फूल दिवेलागणीला उघडतं, तळहाताएवढं, पांढरं. सकाळी ऊन चढायच्या आत मिटतं. मग पाच-सहा दिवस ते वाळकं फूल तसंच लोंबकळतं, देठ पिवळा पडतो आणि हात न लावता ते खाली येतं. स्लॅबवर पडल्याचा बारीक आवाज होतो. सुमनबाई, कौतिकभाऊंच्या पत्नी, खालून स्वयंपाकघरातून सांगायच्या, "पडलं हो तुमचं."

वीस वर्षं त्या हेच सांगत आल्या. कौतिकभाऊंना या झाडाचं एक फळ पाहायचं होतं, आणि त्या फळातलं बी. दुसरं काही नाही.

ते वीज मंडळात लाइनमन होते. घर केळीवाल्यांचं. वडिलांची केळी, आजोबांची केळी, आणि त्या केळीत बी कुणी कधी पाहिलेलं नाही. मुळाशी पील फुटतं, ते काढून दुसरीकडे लावायचं, की झाली नवी केळ. शेजाऱ्याने मागितलं तर त्याला कंद द्यायचे. नाही म्हणायची पद्धत नाही. पहिला निवडुंग त्यांना भुसावळला मिळाला, एक्क्याण्णव साली. जुनी वसाहत पाडत होते. कंपाउंडमधला खांब मजुरांनी कुऱ्हाडीने आडवा केला होता. यांनी त्याचा हातभर तुकडा गोणपाटात बांधून आणला, कापलेली बाजू पंधरा दिवस सावलीत वाळू दिली आणि मुरूम-वाळूत उभा केला. तो जगला.

पुढे बदली जिथे होईल तिथे एक तुकडा बरोबर जायचा. अमळनेर, नरडाणा, मग यावल. सबस्टेशनच्या आवारात, तारेच्या कुंपणाशी, ते तुकडा रोवायचे. तो वाढला की त्याचे तुकडे लोकांना द्यायचे. बिल भरायला आलेल्या माणसाला, ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून भांडायला आलेल्या माणसालासुद्धा. भांडणारा हातात काटेरी तुकडा घेऊन परत जायचा, तो सांभाळून धरायच्या नादात भांडण विसरलेलं असायचं.

नरडाण्याला सबस्टेशनच्या मागे कपाशीचा बीजोत्पादनाचा प्लॉट होता. तिथे मंजुळाबाई नावाच्या एक बाई क्रॉसिंगच्या कामावर यायच्या. संध्याकाळी मादीच्या ओळीतल्या कळ्या सोलायच्या, सकाळी नराच्या फुलाचा पराग त्यांवर फिरवायचा. कौतिकभाऊ कुंपणाशी उभे राहून पाहायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, "माझ्या काट्याचं फूल गळून पडतं. त्याले असं केलं तर धरंल काय?"

मंजुळाबाई हसल्या. "काटाले क्रॉसिंग? भाऊ, तुम्हले काम कमी शे का?" मग म्हणाल्या, "नर येगळा लागस, मादी येगळी. एकज बियाणं दोन्हीकडे राहिनं ते क्रॉसिंग कसानं? तुम्हना नर कोठला?"

"फैजपूरचा. मादी इथली, नरडाण्याची."

"मंग बरं," असं म्हणून त्या कामाला लागल्या.

त्या दिवसापासून कौतिकभाऊंचं सुरू झालं. रंगकामाचा बारीक ब्रश आणला. बी.पी.च्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत पराग ठेवायला लागले. कोणत्या फुलाला कुठला पराग लावला हे कळावं म्हणून देठाखाली वायरचा तुकडा बांधायचे. तिन्ही फेजचे रंग त्यांच्या बोटांत बसलेले होते. बुंध्याला खूण म्हणून फैजपूरच्या झाडाला लाल, नरडाण्याच्या झाडाला पिवळी, अमळनेरच्या झाडाला निळी. लाल झाडाच्या फुलावर पिवळ्याचा पराग, पिवळ्यावर निळ्याचा. केळीवाले म्हणतात, माती बदलली की झाड बदलतं. यावलच्या काळ्या मातीतली केळ आणि नदीकाठची केळ, चवीला एक नसते. कौतिकभाऊंनी ते खरं मानलं. गाव वेगळं म्हणजे कूळ वेगळं, असा त्यांचा हिशोब होता.

फुलं पडत राहिली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी तिन्ही रंगांची झाडं गच्चीवर आणली. पराग शिळा होतो असं वर्तमानपत्रात वाचलं म्हणून तो थंड ठेवायला लागले, उन्हाने जळतो म्हणून नेट बांधलं. फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे ती गोळ्यांची डबी असायची. सुमनबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या फ्रिजात नवरदेव ठेवलेला हाये. नवरी रोज गळते." पाहुणे हसायचे. कौतिकभाऊही हसायचे. पण डबी कुणी हलवलेली त्यांना खपत नसे.

त्यांची मुलगी मयुरी पुण्याला एका कंपनीत आहे. एकदा दिवाळीला आली असताना तिने मोबाइलवर वाचून काढलं आणि गच्चीवर जाऊन वडिलांना सांगितलं. "बाबा, हे झाड स्वतःच्या परागाने फळ धरत नाही."

"म्हणून तर दुसऱ्या झाडाचा लावतो."

"दुसरं कुठंय? सगळे तुकडे एकाच झाडाचे ना? भुसावळच्या? मग हे सगळं मिळून एकच झाड आहे. तेरा ठिकाणी उभं असलं तरी."

कौतिकभाऊंनी एका बुंध्याजवळची माती बोटाने उकरली. मग म्हणाले, "माती बदलल्यावरसुद्धा?"

"माती बदलल्यावरसुद्धा."

त्यांनी तिला चूक ठरवलं नाही. त्यांना फक्त पूर्वी सांगितलेलं आठवलं. मंजुळाबाईंनी विचारलं होतं, नर कुठला. आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं होतं.

यानंतर ते परक्या झाडाच्या शोधात निघाले. त्याच जातीचं, पण ज्याला त्यांनी कधी हात लावलेला नाही असं. नर्सरीत गेले, तिथे बोटाएवढी रोपं होती. नर्सरीवाल्याने सांगितलं, फुलावर यायला आठ-दहा वर्षं. तेव्हा कौतिकभाऊ साठीच्या पुढे होते आणि त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा नुकताच थरथरायला लागला होता. म्हणून मोठं, फुलावर आलेलं झाडच हवं होतं. बसने जाताना खिडकीबाहेर डोळे लावून बसायचे. सावद्याला एका दवाखान्यासमोर दिसलं. विचारलं तर दवाखान्याचा कंपाउंडर म्हणाला, "भाऊ, तुम्हीच तर दिलं होतं, यावलला असताना." अमळनेरला कॉलेजच्या रस्त्यावर दोन दिसली. तीही त्यांचीच. एरंडोलच्या थांब्यासमोरच्या एका अंगणातलं पाहून ते उतरले, चालत गेले, आणि घरमालकाने चहा पाजून सांगितलं की हे मेहुण्याने अमळनेरच्या सबस्टेशनमधून आणलं.

लोक त्यांना पाहून खूश व्हायचे. झाड दाखवायचे, बघा कसं वाढलं. कौतिकभाऊ झाडावर हात फिरवून परत यायचे.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात थरथर अंगठ्यापुरती राहिली नव्हती. जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की हे थांबणार नाही, सावकाश वाढत जाईल. शिडीवर चढायचं नाही. सुमनबाईंनी शिडीला साखळी लावून कुलूप घातलं. त्याच आठवड्यात धुळ्याहून कुंदनने मोबाइलवर फोटो पाठवला. कुंदन त्यांच्या हाताखाली काम शिकलेला, आता धुळ्याला ऑपरेटर. साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यात, रुपचंद पवार नावाच्या शेतकऱ्याच्या खळ्यात वीसेक फुटांचा निवडुंग, कळ्यांनी भरलेला. त्या गावी कौतिकभाऊंची कधी बदली झाली नव्हती. त्या बाजूला ते कधी गेलेच नव्हते.

ते सुमनबाईंपाशी गेले, पण कुलपाची किल्ली मागितली नाही. म्हणाले, "धुळ्याले जाऊन येतो."

"एवढ्या उन्हात? आणि आल्यावर कोण चढंल? तुम्ही?"

"पराग तर आणू दे."

थर्मासच्या झाकणात बर्फ, त्यात गोळ्यांची डबी. मुक्काम कुंदनच्या घरी. पहाटे कुंदनने मोटरसायकलवर खळ्यात नेलं तेव्हा फुलं अजून उघडी होती. रुपचंद दात घासत बाहेर आला.

"या आबा, बसा. काटासाठे इतला दूरथून उनात?"

"पराग पाहिजे थोडा."

"फूल लई जा, झाड लई जा. मन्ही काय ना नही."

खालच्या फांदीवरची दोन फुलं हाताला येत होती. कौतिकभाऊंचा हात हलत होता, म्हणून कुंदनने फूल आणि डबी धरली, यांनी ब्रश. हलणाऱ्या हाताने पराग उलट चांगला झडला, कुंदन म्हणाला तसं. कौतिकभाऊंनी विचारलं, "किती वर्षांचं झाड?"

"बारा-तेरा साल व्हयनात. बहीणनं लगीन व्हयनं, तवयनं शे."

एवढंच विचारलं. मुलीचं लग्न ठरवताना माणूस विचारतो ते सगळं, मूळ गाव कुठलं, आईचं माहेर कुठलं, भाऊबंदकी कुठवर जाते, यातलं काही विचारलं नाही. हा माणूस आपल्याला ओळखत नाही, या आनंदातच ते होते. डबी बर्फात ठेवून सकाळच्या गाडीने निघाले आणि दुपारी घरी पोचले.

त्या संध्याकाळी लाल झाडाच्या शेंड्याशी एक कळी सुटली. सुमनबाईंनी कुलूप काढलं. शिडी लावली. कौतिकभाऊ दुसऱ्या पायरीवर पोचले आणि शिडीच थरथरायला लागली.

"उतरा खाली," त्या म्हणाल्या. पदर खोचला, ब्रश दातांत धरला आणि चढल्या. "चौतीस वर्षं लाइनमनची बायको हाये. एवढं तरी येणारच."

खालून ते सांगत होते, मधला हिरवट तारा दिसतो ना, त्याच्यावर, बाजूच्या पिवळ्यावर नाही. "दिसतो हो," त्या वरून म्हणाल्या. "किती मोठं फूल हाये हे. मी जवळून कधी पाहिलंच नव्हतं." उतरताना त्यांच्या कोपरावर काट्यांच्या रेघा होत्या. कौतिकभाऊंनी या फुलाला बांधायला नवा रंग काढला होता, पांढरा. तो सुमनबाईंनी वर असतानाच बांधला होता.

सहाव्या दिवशी फूल पडलं नाही. सातव्या दिवशी देठ हिरवा होता. आठव्या दिवशी कौतिकभाऊ मला बोलवायला आले आणि आम्ही दोघं उन्हात मान वर करून उभे राहिलो. वाळक्या फुलामागे बोराएवढा फुगवटा दिसत होता. मला तो पूर्वीही तेवढाच असेल असं वाटलं, तरी मी हो म्हणालो. नवव्या दिवशी मयुरीला फोटो गेला. दहाव्या दिवशी दुपारी आवाज झाला. सुमनबाई स्वयंपाकघरात होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत.

कौतिकभाऊंनी ते पडलेलं उचलून ब्लेडने कापायचा प्रयत्न केला. सुमनबाईंनी कापून दिलं. आत पांढरा ओला कापूस, बी नाही.

संध्याकाळी त्यांनी रुपचंदला फोन लावला. हात थरथरतो म्हणून स्पीकरवर. पराग चुकला का, वेळ चुकली का, त्यांना समजून घ्यायचं होतं. बोलता बोलता विचारलं, "भाऊ, ते झाड तुम्ही आणलं कुठून?"

"मी नही आनं. कुंदानं आनं, मन्ही बायकोनं. थांबा, तिलेच देस."

कुंदाबाईंचा आवाज आला. मागे म्हशीच्या धारेचा आवाज होता. "ते मन्हा माहेरनं शे, आबा. नरडाणानं. तठे सबस्टेशनमा एक लाइनमन व्हता, तो बठ्ठास्ले तुकडा वाटे. मन्हा बापले बी दिधा. लई चांगला माणूस व्हता. तिकडला, केळीवाला भागना. नाव इसरी गवू."

कौतिकभाऊ म्हणाले, "बरं. बरं, ताई." आणि फोन कुठे दाबून बंद करायचा हे त्यांना सापडेना. तो सुमनबाईंनी बंद केला.

मयुरी म्हणाली, परदेशी बी ऑनलाइन मिळतं, मी मागवते. ते नको म्हणाले. पेरलं तर दहा वर्षं, हे त्यांना नर्सरीवाल्याकडून माहीत होतं. दहा वर्षांत आपला हात कुठे असेल, हे जळगावच्या डॉक्टरांकडून.

पुढचे तीन दिवस ते सकाळी गच्चीवर जात होते. मी एकदा वर गेलो तेव्हा ते झाडांच्या बुंध्यांवरची वायर सोडवत होते. पिवळी सोडायची, निळी सोडायची. दाताने, नखाने, कशीही. तेराही झाडांना ते लाल वायर बांधत होते. एका गाठीला दहा-दहा मिनिटं लागत होती. मी पुढे झालो तर म्हणाले, "राहू द्या. हे मलेच करायला पाहिजे."

सुमनबाई चहा घेऊन आल्या. "पुरली का लाल?"

"पुरली."

उतरायच्या आधी मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, मला एक तुकडा द्या. खरं तर मला झाडांची हौस नाही. त्यांनी विळा माझ्या हातात दिला, कुठे कापायचं ते दाखवलं, पंधरा दिवस सावलीत वाळू द्या म्हणाले. मग खिशातून उरलेला लाल वायरचा तुकडा काढून त्याला बांधला. गाठ बसली नाही, म्हणून नुसता पीळ दिला.

"ही काढू नका," ते म्हणाले. "कुणी परागासाठी आलं तर दाखवा. म्हणा, इथून नेऊ नका. हे त्याच घरचं हाये."

आता ते गच्चीवर जात नाहीत. पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो, तोही सुमनबाई खालून धरतात. माझ्या अंगणातला तुकडा खांद्याइतका झाला. यंदा त्याला पहिलं फूल आलं. पाचव्या दिवशी देठ पिवळा पडला. मी ते पडायच्या आधीच तोडून टाकलं, म्हणजे शेजारी आवाज जाणार नाही.