कडू घास आणणारा माणूस

ती घटना मला आजही आठवते, आणि नेमकी ताटावर बसलो की आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून काढलेली प्रेतं पाहिली. त्यांच्या आठवणीनं माझ्या हातातला घास कधी थांबला नाही. या प्रकरणात खून नव्हता, मारामारी नव्हती, कोणी कोणाला शिवीसुद्धा दिली नव्हती.

तेव्हा मी जालना जिल्ह्यात हायवेलगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही. यातली माणसं अजून त्याच रस्त्यानं बदनापूरला गाडी धरायला जातात. नोकरीची शेवटची वर्षं होती. रस्त्याकडेच्या जमिनीला सोन्याचा भाव आला होता, आणि त्याबरोबर माणसांची एक नवी जात आमच्या हद्दीत फिरू लागली होती. लोक त्यांना इसारवाले म्हणत.

इसारवाला जमीन घेत नाही. शेतकऱ्याला थोडा इसार देतो, भाव ठरवतो आणि इसारपावतीत एक ओळ घालतो, की खरेदीखत मला किंवा मी सांगेन त्याच्या नावे करून द्यावं. मग तीच पावती तो शहरातल्या प्लॉटिंगवाल्याला चढ्या भावानं विकतो. मधला फरक त्याचा. हा धंदा गुन्हा नाही. शेतकऱ्याला तोंडावर सांगून हे करणारे सरळ लोकही मी पाहिलेत. पण बहुतेकांचा सगळा धंदा एकाच गोष्टीवर उभा असतो. जमीन विकणारा आणि खरा घेणारा यांची गाठ पडता कामा नये.

पोलीस पाटलांच्या महिन्याच्या बैठकीनंतर एक वयस्क पाटील मागे थांबले. सगळे गेल्यावर म्हणाले, "साहेब, तक्रार न्हाई. पन एक गोष्ट मनाला टोचून राह्यली."

"बोला पाटील."

"आमच्या गावात एक मानूस मयताच्या घरी कडू घास घेऊन आल्ता. भावकीतला न्हाई, सोयरा न्हाई. तेरावं झालं न् त्याच घरची जमीन इसारात गेली. शेजारच्या दोन गावात बी असंच झालं. तिन्ही ठिकाणी मानूस एकच. आता आमच्या गावात मोजनीवाले आले, त्यांच्या तोंडून भाव कळला. त्या घरच्या बाईला सांगितला त्याच्या तिप्पट."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही. भावकी, सोयरे शिजवलेलं अन्न घेऊन येतात आणि घरच्यांना बळेबळे दोन घास खायला लावतात. तो कडू घास. तो आणणाऱ्याला माणूस जन्मभर विसरत नाही.

"मढ्याच्या टाळूवरचं लोनी खातो, साहेब," पाटील म्हणाले. "पन दुष्मनी केली म्हनावं तर डबा घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईकडे गेलो. घर धनगराचं. नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला होता. रस्त्याला लागून दोन एकर रान, कडेला मेंढ्यांचा वाडा आणि वाड्याला टेकून पत्र्याचं घर. पदरात लग्नाची एक मुलगी. वारसाची नोंद नुकतीच झाली होती आणि आठवड्याभरात खरेदीखत व्हायचं होतं. ते झालं की बाईला घर आणि वाडा दोन्ही सोडावे लागणार होते. बाई दावणीशी बसून कोकराला पाला चारत होती.

मी भाव विचारला. बाईला खरा भावही ठाऊक होता.

"कमी भेटला ते कळलं मला," ती म्हणाली. "पोरगी रोज रडून राह्यली. पन साहेब, हे गेले तवा माझे दीर मेंढ्या घेऊन लांब गोदाकाठाला गेल्ते. माहेरचं कोनी पोचलं न्हव्हतं. अग्नी देऊन आलो तर दारात हा मानूस डबा घेऊन उभा. ऊनऊन पिठलं न् भाकरी. म्हने, तुमचे मालक माझे दोस्त. त्यांनी मला रानाचा शब्द दिल्ता. मंग त्यानं माझ्या पोरीला हातानं घास भरवला. त्याच्याविरुद्ध मी पोलिसात जाऊ? माझ्या तोंडातून न्हाई निघत."

"बाई, घर जातंय तुमचं."

"जातंय, साहेब."

मला त्या माणसाचा संताप आला आणि खरं सांगायचं तर या बाईचाही आला. कायद्यानं ती अजून मोकळी होती. इसार परत करून, फार तर दावा अंगावर घेऊन, नाही म्हणू शकत होती. पण दोन भाकरींनी तिला असं बांधलं होतं की कुठल्या वकिलाच्या कागदानं बांधलं नसतं. तिच्या तक्रारीशिवाय माझे हात बांधलेले होते, ते वेगळंच.

इसारवाल्याला चौकशीसाठी बोलावलं. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, बोलणं मऊ. खुर्ची दिली तरी आधी नमस्कार करून मगच बसला. बाजूला माझे बीट जमादार जबाब लिहायला होते. त्यांच्याविषयी इथेच सांगतो. शांत, कामसू माणूस. हद्दीत अकस्मात मृत्यूची वर्दी आली की पहिले हेच पोचत. पंचनामा, प्रेत शवविच्छेदनाला पाठवणं, नंतर नातेवाइकांच्या ताब्यात देणं, सगळं तेच बघत. रडणाऱ्या माणसांशी कसं बोलावं हे मी नव्या पोरांना त्यांच्याकडून शिकायला सांगत असे. त्यांच्या घरचा डबा तर बंदोबस्ताला सगळं ठाणं वाटून खायचं.

इसारवाल्यानं सगळे कागद टेबलावर मांडले. "साहेब, अंगठा त्यांचा, भाव त्यांना कबूल, साक्षीदार गावचे. मी काय चोरलं? हे दिवाणी प्रकरण आहे."

बरोबर बोलत होता. मी तासभर त्याला सगळीकडून विचारलं. मयताची ओळख कुठली? जांब समर्थला दर्शनाला गेलो तिथं झाली. शब्द कधी दिला? तिथंच, चहा पिताना. साक्षीला कोण? देव. दुसऱ्या दोन गावच्या मयतांचंही तेच. इतके दोस्त आणि सगळे अपघाती मेलेले, असा कमनशिबी माणूस मी पाहिला नव्हता. पण खोटं आहे हे कळणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. मेलेला माणूस जबाब द्यायला येत नाही.

मी कंटाळून खुर्चीला टेकलो. समोर चहा आला होता, बरोबर बिस्किटं होती. ती बघून मी सहज विचारलं, "भाकरी कोणी केल्या होत्या?"

"अं?"

"कडू घासाच्या भाकरी. कोणी थापल्या?"

ज्याच्याजवळ प्रत्येक प्रश्नाचं तयार उत्तर होतं, तो पहिल्यांदा अडखळला. हॉटेलातून आणल्या म्हणाला. कुठल्या? वडीगोद्रीच्या. या गावापासून वडीगोद्रीला जाऊन येईपर्यंत डबा गार झाला असता, आणि बाईनं तर ऊनऊन पिठलं सांगितलं होतं. मग म्हणाला, घरून आणल्या. बायको कुठे असते? पुण्याला, मुलांजवळ. मग कोणी केल्या?

त्यानं चहाचा कप पुढे ओढला. खोलीत पेनाचा आवाज चालू होता तो बंद झाला, म्हणून मी मान वळवली. जमादारांचं लिहिणं थांबलं होतं. ते कागदाकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

मी इसारवाल्याला बाहेर बसवलं आणि दार लोटून घेतलं. "जमादार, तुम्ही सांगता का मी विचारू?"

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. प्रेत ताब्यात द्यायच्या वेळी ते इसारवाल्याला फोन करत. मयताचं नाव, जमीन किती, रस्त्याला लागून आहे का, घरात पुरुषमाणूस कोण आहे, भावकी जवळ आहे की लांब. नातेवाईक अग्नी देऊन परतायच्या बेताला इसारवाला जमादारांच्या घरून डबा उचलायचा. सौदा झाला की जमादारांना पाकीट मिळायचं.

"तो त्या मयताला ओळखत होता?"

"नावसुद्धा मीच सांगितलं, साहेब." मग ते म्हणाले, "मानूस तर गेलेलाच असतो. मी कुनाचं वाईट केलं न्हाई. निस्ता फोन करत होतो."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. माझी मान शरमेनं खाली गेली. सगळ्या गावानं ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावं, तोच माणूस रडणाऱ्यांकडे बघून एकर मोजत होता. बाईला शोकाच्या दारात गाठणारा तो इसारवाला मला त्या क्षणी कमी वाईट वाटला. तो निदान परका होता.

मैत्री खोटी, शब्द खोटा. फसवणुकीला एवढं पुरेसं होतं. तरी बाई बोलत नव्हती तोवर सगळं अधांतरी होतं. मी पोलीस वसाहतीत जमादारांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. मी डब्याचं विचारलं तेव्हा त्या निर्मळपणे हसल्या.

"हे म्हनायचे, मयताच्या घरी कोनी न्हाई, चार भाकरी टाक. एक सज्जन मानूस पोचवून देतो. मी आंघोळ करून टाकायची. पुन्याचं काम हाय ना, साहेब."

सांगितल्यावाचून इलाज नव्हता. सांगितलं. त्या खाली बसल्या आणि समोरची पिठाची परात त्यांनी बाजूला सारली. मग त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाईनं खाल्ली का भाकर?"

"खाल्ली."

"मला तिच्याकडं न्या."

मी म्हणालो, वहिनी, तुम्ही बोललात तर तुमच्या नवऱ्याची नोकरी जाईल, गुन्हाही दाखल होईल. त्या उठून पायात चपला घालू लागल्या होत्या.

महिला शिपायाला बरोबर घेऊन आम्ही गेलो. दोघी बायका मेंढ्यांच्या वाड्यापाशी समोरासमोर बसल्या. वहिनींनी दोन्ही हात पुढे केले.

"भाकरी या हातानं केल्त्या. त्यानं निस्ता डबा आनला. तुमच्या मालकाला तो वळखत बी न्हव्हता. माझ्या मालकानं त्याला नाव सांगितलं."

बाईनं ते हात निरखून पाहिले. "पिठल्यात ओवा तुम्हीच घातल्ता?"

"हां. रडून रडून पोटात कळ येते म्हनून."

"मला तवाच वाटलं, आपल्या मानसाबिगर एवढं कोन करतं." तिनं वहिनींचे हात खाली ठेवले. "मंग त्याचं माझ्याकडं काईच न्हाई निघत."

"काईच न्हाई. बिलकुल न्हाई."

बाई माझ्याकडे वळली. "लिहा, साहेब."

तिनं जबाब दिला आणि अंगठा उठवला. तिच्यामागून वहिनींनी आपला जबाब दिला. परत येताना त्या जीपमध्ये मागे बसल्या होत्या. वसाहतीच्या फाटकाशी त्या उतरल्या तेव्हा शेजारणी दारात उभ्या होत्या. एकीनंही हाक मारली नाही.

पुढचं वाचून कोणाला समाधान वाटेल असं काही नाही. जमादार निलंबित झाले आणि नंतर नोकरीतून गेले. त्यांना क्वार्टर सोडावं लागलं. बाईचं घर वाचवता वाचवता वहिनींचं गेलं, असंच म्हणावं लागेल. इसारवाला जामिनावर सुटला. तो अजून पांढरा शर्ट घालतो. ज्यानं पावती विकत घेतली त्या शहरातल्या गृहस्थानं बाईवर दिवाणी दावा लावला. माझा व्यवहार कायदेशीर आहे, मी कोणाला फसवलं नाही, असं तो म्हणतो, आणि तेही खरंच आहे. बाई अजून त्याच घरात राहते, पण तारखांना जाते. दुसऱ्या दोन गावांतली खरेदीखतं आधीच होऊन गेली होती. तिथे आता पांढरे दगड रोवून प्लॉट पाडलेत. त्या घरची माणसं माझ्यासमोर भावाविषयी एक शब्द बोलली नाहीत. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती, ते जेवण कोणाचं होतं.

माणूस लोभानं फसतो असं आम्ही पोलीस नेहमी सांगत आलो. या प्रकरणानं मला शिकवलं की तो उपकारानं जास्त पक्का फसतो. लोभी माणूस ओरडत ठाण्यात येतो. उपकाराखाली दबलेला येतच नाही, त्याला शोधावं लागतं. नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगत असे, आणि यात काही हुशारी आहे असं तेव्हा मला वाटायचं.

गेल्या वर्षी माझी बायको गेली. मुलगा आणि सून वाटेत होते. स्मशानातून आलो तर खालच्या मजल्यावरचा एक तरुण भाडेकरू दारात उभा. त्याची माझी ओळख जिन्यात मान हलवण्यापुरती. हातात डबा होता. म्हणाला, "काका, दोन घास खाऊन घ्या."

मी डब्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आणि ठाण्यात विचारावं तसं विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्याचा चेहरा उतरला. "कोणी नाही, काका. रडण्याचा आवाज आला."

डबा उंबऱ्यावर ठेवून तो खाली निघून गेला. मी बराच वेळ त्या डब्यासमोर बसून होतो. उघडला तेव्हा पिठलं गार झालं होतं.